कर्नलमध्ये प्रोग्रॅम लावायचा कुठे: ट्रेसपॉइंट, केप्रोब की एफएन्ट्री?

लिनक्स कर्नलमध्ये एखादी घटना घडली की आपला एवढासा प्रोग्रॅम तिथल्या तिथे चालवायचा, मोजदाद कर्नलच्या आतच करायची आणि फक्त निकाल बाहेर आणायचा, ही ईबीपीएफची सोय २०१५च्या ४.१ आवृत्तीपासून आहे. तेव्हा ट्रेसिंगचा, म्हणजे कर्नलमध्ये काय चाललंय ते बघणारा, प्रोग्रॅम फक्त केप्रोबला लावता यायचा. २०१६च्या ४.७मध्ये ट्रेसपॉइंट आले, २०१८च्या ४.१७मध्ये रॉ ट्रेसपॉइंट, आणि जानेवारी २०२०च्या ५.५मध्ये एफएन्ट्री व एफएक्झिट. (प्रत्येकाची ओळख पुढे आहे.) आज हे सगळे एकाच कर्नलमध्ये शेजारी-शेजारी नांदतात आणि वरवर पाहता एकच काम करतात. त्यामुळे नवा माणूस पहिल्याच पायरीवर अडतो: यातलं घेऊ कोणतं?

या प्रश्नाची बहुतेक उत्तरं वेगापासून सुरू होतात. वेग महत्त्वाचा आहेच, पण माझ्या मते तो नंतरचा मुद्दा. आधी ठरवायचं ते हे, की तुमचा प्रोग्रॅम किती काळ जगणार आहे. आज दुपारी एक गडबड शोधायची आणि संध्याकाळी टर्मिनल बंद करायचं, का सगळ्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या मॉनिटरिंग एजंटमध्ये तो टाकायचा? पहिल्या कामाला काहीही चालतं. दुसऱ्या कामात मधल्या काळात कर्नल दोन-चार वेळा बदलणार, आणि तुम्ही ज्याला प्रोग्रॅम लावलाय ते तेव्हा जागेवर असेल का, याची हमी कुणी दिली आहे हे बघावं लागतं.

(फंक्शनांची आणि इव्हेंटची नावं मी देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये शोधताना जोडरेषेच्या जागी अंडरस्कोअर समजा.)

कोण कुठे बसतं

ट्रेसपॉइंट ही कर्नल लिहिणाऱ्यांनी स्वतः कोडमध्ये ठेवलेली खूण. शेड्यूलर एक टास्क उतरवून दुसरं चढवतो तिथे 'स्केड-स्विच', डिस्कच्या ड्रायव्हरकडे विनंती जाते तिथे 'ब्लॉक-आरक्यू-इश्यू'. प्रत्येक खुणेला नाव आहे, तिच्याबरोबर कोणती फील्ड मिळणार ते ठरलेलं आहे, आणि ती यादी ट्रेसएफएसमध्ये (ट्रेसिंगच्या माहितीची कर्नलची खास फाइल सिस्टीम) त्या-त्या इव्हेंटच्या 'फॉरमॅट' फाइलमध्ये वाचायला मिळते. कुणी ऐकत नसेल तेव्हा तिथे नुसती नॉप, म्हणजे काहीच न करणारी, सूचना असते. प्रोग्रॅम लावला की कर्नल चालू असतानाच त्या नॉपच्या जागी जंप बसतो. म्हणून वापरात नसलेल्या ट्रेसपॉइंटची किंमत जवळजवळ शून्य, आणि म्हणूनच कर्नलमध्ये ते शेकड्यांनी ठेवणं परवडतं.

केप्रोबला आधीपासून ठेवलेली खूण लागत नाही. तुम्ही फंक्शनचं नाव सांगायचं, हवं तर त्याच्या आतला ऑफसेट सांगायचा, आणि कर्नल त्या पत्त्यावरची सूचना चालू अवस्थेत बदलतो. एक्स८६वर तिथे एक बाइटची ब्रेकपॉइंट सूचना बसते. परिस्थिती अनुकूल असेल तर तिच्या जागी पाच बाइटचा जंप येतो, आणि फंक्शनच्या अगदी तोंडाशी लावला असेल तर एफट्रेसने (कर्नलचीच फंक्शन-ट्रेसिंगची यंत्रणा) राखून ठेवलेली जागा वापरली जाते. ही यंत्रणा २००४च्या २.६.९पासूनची, म्हणजे ईबीपीएफपेक्षा बरीच थोरली. (तिच्या अधिकृत दस्तऐवजावर जिम केनिस्टन, प्रसन्ना पंचमुखी आणि मासामी हिरामात्सू अशी नावं आहेत.) काही मोजकी फंक्शनं काळ्या यादीत आहेत, ती सोडली तर जवळजवळ कुठेही बोट ठेवता येतं. या बाबतीत त्याला तोड नाही.

एफएन्ट्री हा मधला मार्ग. एफट्रेससाठी कंपायलर बहुतेक फंक्शनांच्या सुरुवातीला पाच बाइटची जागा सोडतोच. एफएन्ट्री त्या जागी एका छोट्या ट्रॅम्पोलिनकडे, म्हणजे मधल्या दुव्याच्या कोडकडे, जाणारा थेट कॉल बसवते आणि तो ट्रॅम्पोलिन तुमचा प्रोग्रॅम चालवतो. रजिस्टरांचा पूर्ण संच साठवून ठेवण्याचा खटाटोप नाही. शिवाय कर्नलच्या बीटीएफ माहितीमुळे (कर्नलमधल्या प्रकारांची आणि फंक्शनांची नोंद) व्हेरिफायरला, म्हणजे लोड करताना प्रोग्रॅम सुरक्षित आहे का ते तपासणाऱ्या भागाला, प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार कळतो. केप्रोबमध्ये 'दुसऱ्या रजिस्टरमध्ये काहीतरी आहे, ते पॉइंटर असावं असं समजून वाचतो' अशी भाषा असते. इथे 'हा स्ट्रक्ट-फाइलचा पॉइंटर आहे, त्याचं हे फील्ड दे' असं थेट लिहिता येतं.

एफएक्झिट हे तिचं जुळं भावंड, आणि मला विचाराल तर या जोडीतलं जास्त कामाचं. फंक्शन संपताना त्याची मूळ आर्ग्युमेंटं आणि परत आलेली किंमत, दोन्ही एकाच वेळी हातात येतात. केप्रोबच्या जगात हेच काम करणारा केरेटप्रोब फक्त परतीची किंमत देतो. आर्ग्युमेंटं हवी असतील तर आत शिरताना एक प्रोग्रॅम लावायचा, थ्रेड आयडीची किल्ली करून ती मॅपमध्ये (ईबीपीएफची किल्ली-किंमत साठवण) ठेवायची, बाहेर पडताना शोधायची, मग पुसायची. पुसायला विसरलात की मॅप भरतो आणि नव्या नोंदी मुकाट नाकारल्या जातात. ट्रेसिंगचे जुने प्रोग्रॅम वाचायला घ्या, अर्धा कोड या ठेवा-काढीचा निघेल.

रॉ ट्रेसपॉइंट ट्रेसपॉइंटच्याच जागी बसतो. फरक एवढाच, की फील्डांची मांडणी करून देण्याचं काम कर्नल करत नाही. मूळ आर्ग्युमेंटं जशीच्या तशी पुढ्यात टाकतो. ५.५पासून त्यालाही बीटीएफचे प्रकार मिळाले.

एकच काम, वेगवेगळ्या जागा: फाइल कोण उघडतंय?

कागदावरचे फरक वाचून निर्णय होत नाही, म्हणून एक साधं काम घेऊ. सर्व्हरवर कोणती प्रोसेस कोणती फाइल उघडते ते बघायचं आहे.

सगळ्यांच्या हाताला पहिल्यांदा येतो तो 'सिस-एंटर-ओपनअ‍ॅट' हा सिस्टीम कॉलचा ट्रेसपॉइंट. बीपीएफट्रेसमध्ये (छोटे ट्रेसिंग प्रोग्रॅम लिहायची भाषा आणि साधन) एका ओळीत काम होतं आणि बहुतेक वेळा उत्तरही बरोबर असतं. पण बारकाईने बघा. एक, तुम्हाला मिळतो तो फाइलच्या नावाचा यूझर मेमरीतला पॉइंटर. कर्नलने ते नाव अजून आपल्याकडे कॉपी केलेलं नाही. ते पान त्या क्षणी मेमरीत नसेल तर वाचन फसतं आणि यादीत रिकामं नाव येतं. दोन, तुम्ही वाचल्यानंतर आणि कर्नलने कॉपी करण्याआधी दुसरा थ्रेड तो मजकूर बदलू शकतो. डीबगिंगमध्ये याने काही बिघडत नाही, पण कुणी सुरक्षेसाठी पहारा म्हणून हा प्रोग्रॅम लावणार असेल तर ही उघडी खिडकी आहे. तीन, जुना 'ओपन' आणि नवा 'ओपनअ‍ॅट२' हे वेगळे कॉल आहेत, त्यांना वेगळे प्रोग्रॅम लावावे लागतात. एक्स८६वर ३२ बिट प्रोसेसचे कॉल या ट्रेसपॉइंटांवर येतच नाहीत. आणि आयओ-यूरिंगमधून (कामांची रांग लावून कर्नलकडून आयओ करून घेण्याची पद्धत) उघडलेली फाइल तर सिस्टीम कॉलच्या या दारातून जातच नाही. आयओ-यूरिंगमधून फाइल उघडण्याची सोय ५.६मध्ये आली.

मग लोक केप्रोबकडे वळतात. पूर्वी 'डू-सिस-ओपन' या फंक्शनला लावायचे. ५.६मध्ये ओपनअ‍ॅट२ आला, कोडची फेररचना झाली आणि खरं काम 'डू-सिस-ओपनअ‍ॅट२' या नव्या फंक्शनमध्ये गेलं. जुन्या नावावर विसंबलेल्या साधनांना दुरुस्ती करावी लागली. आयओ-यूरिंग हेही फंक्शन टाळून खाली जातं, म्हणजे तेवढी त्रुटी तशीच राहते.

आणखी एक पायरी खाली 'डू-फिल्प-ओपन' आहे. इथे ओपन, ओपनअ‍ॅट, आयओ-यूरिंग हे सगळे येऊन मिळतात. एक्झेकसाठी, म्हणजे नवा प्रोग्रॅम चालवण्यासाठी, उघडली जाणारी बायनरीसुद्धा इथूनच जाते. नावाची कॉपी एव्हाना कर्नलकडे झालेली असते, त्यामुळे रिकाम्या नावाचा आणि मध्येच बदललेल्या नावाचा, दोन्ही प्रश्न मिटतात. इथे एफएक्झिट लावली की नाव आणि निकाल एकत्र मिळतो: उघडली की नाही, नसेल तर चूक कोणती. मॅप नको, दोन प्रोग्रॅम नकोत. याच कामाचा केप्रोब आणि केरेटप्रोबचा जोड शेजारी ठेवून पाहिला तर कोड निम्म्याच्या आसपास येतो.

तरीही हे कर्नलचं आतलं फंक्शन आहे, उद्या त्याचं नाव बदललं तर तक्रार करायला जागा नाही. शिवाय इथे मिळणारं नाव प्रोसेसने जसं दिलं तसंच असतं. तिने नुसतं 'कॉन्फिग' म्हटलं असेल तर तेवढंच. पूर्ण पाथ काढून देणारा 'बीपीएफ-डी-पाथ' हा हेल्पर (ईबीपीएफ प्रोग्रॅमला कर्नलने दिलेलं तयार फंक्शन) केप्रोबमधून वापरता येत नाही, आणि एफएन्ट्रीतूनही तो ठराविक फंक्शनांवरच चालतो. पहारा हाच उद्देश असेल तर ५.७पासून एलएसएमच्या (कर्नलची सुरक्षा-तपासणीची चौकट) हुकांना, म्हणजे तिने तपासणीसाठी ठेवलेल्या जागांना, ईबीपीएफ प्रोग्रॅम लावता येतो. त्याचा विचार आधी करा, कारण तिथून नुसतं बघता येत नाही, अडवताही येतं.

अपग्रेड झाल्यावर

टिकाऊ कामाला माझा कल आधी ट्रेसपॉइंट, मग एफएन्ट्री आणि शेवटी केप्रोब असा आहे. तो तसा का, याला तीन खरी उदाहरणं आहेत.

पहिलं डिस्कचं. बीसीसी या ईबीपीएफच्या साधनसंचातली बायोस्नूप आणि बायोटॉप ही साधनं बरीच वर्षं 'बीएलके-अकाउंट-आयओ-स्टार्ट' या फंक्शनला केप्रोब लावून चालत होती. ५.१६मध्ये ब्लॉक विभागातल्यांनी वेग वाढवण्यासाठी ते इनलाइन केलं, म्हणजे त्याचा कोड बोलावणाऱ्या जागीच मिसळला. त्यांच्या दृष्टीने ही सुधारणा होती आणि त्यांचं काहीही चुकलेलं नाही. आतलं फंक्शन कसं ठेवायचं तो त्यांचा अधिकार. पण साधनं बंद पडली. शेवटी ६.५मध्ये 'ब्लॉक-आयओ-स्टार्ट' आणि 'ब्लॉक-आयओ-डन' असे दोन ट्रेसपॉइंट खास या गरजेसाठी घातले गेले. नाव बदललं किंवा इनलाइन झालं की केप्रोब मोडतो, हेच कारण त्या बदलाबरोबर नोंदवलेलं आहे. केप्रोबवर कायमचा संसार थाटू नये हे सांगायला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

दुसरं उदाहरण जास्त घातक आहे. 'व्हीएफएस-अनलिंक' हे फाइल पुसणारं फंक्शन. त्याची पहिली दोन आर्ग्युमेंटं होती डिरेक्टरीचा आयनोड (फाइल वा डिरेक्टरीची माहिती ठेवणारी रचना) आणि पुसायच्या फाइलची डेंट्री (नाव ठेवणारी रचना). ५.१२मध्ये आयडी-मॅप्ड माउंटची सोय आली आणि सगळ्यात पुढे एक नवं आर्ग्युमेंट घुसलं. फंक्शनचं नाव तेच. केप्रोब बिनतक्रार लागतो. प्रोग्रॅम दुसरं रजिस्टर डेंट्री समजून वाचतो, प्रत्यक्षात तिथे आता आयनोड असतो, आणि फाइलच्या नावाच्या जागी कचरा छापला जातो. फंक्शन गायब झालं तर निदान लावतानाच चूक दिसते. इथे काहीच दिसत नाही.

एफएन्ट्रीने हे टळतं का? निम्मं. व्हेरिफायरला खरे प्रकार माहीत असल्यामुळे काही विसंगती लोड करतानाच अडकतात, पण सी-मध्ये आर्ग्युमेंटं क्रमानेच घेतली जातात, आणि चुकीच्या स्ट्रक्टमध्ये त्याच ऑफसेटवर दुसरा एखादा पॉइंटर असेल तर प्रोग्रॅम सहज आत जातो. बीपीएफट्रेसमध्ये मात्र एफएन्ट्रीची आर्ग्युमेंटं नावाने मागता येतात. 'डेंट्री' म्हटलं की ती कितव्या जागेवर आहे ते बीटीएफमधून ठरतं, आणि तीच ओळ ५.१२च्या आधी आणि नंतर बरोबर चालते. केप्रोबमध्ये 'आर्ग-वन' लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं, तरी ही सोय वापरणारे मला फार दिसत नाहीत.

तिसरं उदाहरण ट्रेसपॉइंटचं, कारण तेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. २०२२मध्ये ५.१८ची तयारी चालू असताना 'स्केड-स्विच'च्या आर्ग्युमेंटांत आधीच्या टास्कची स्थिती सांगणारी एक नवी किंमत मधोमध घातली गेली. फील्डांच्या नावाने वाचणाऱ्यांना काही फरक पडला नाही, पण रॉ ट्रेसपॉइंटवरून क्रमाने वाचणारे ईबीपीएफ प्रोग्रॅम मोडले. मग ती किंमत उचलून शेवटी नेऊन ठेवण्यात आली. त्याआधी ५.११मध्ये ब्लॉकच्या काही ट्रेसपॉइंटांतून रिक्वेस्ट क्यूचं आर्ग्युमेंट काढून टाकलं होतं, तेव्हाही असे प्रोग्रॅम मोडले. आजही दोन्ही प्रकारच्या कर्नलवर चालायचं असेल तर कोडमध्ये फाटा ठेवावा लागतो. थोडक्यात, ट्रेसपॉइंटची स्थिरता त्याच्या नावात आणि फील्डांत असते. रॉच्या वाटेने आत शिरलात की त्यातली बरीचशी बाहेरच राहते.

ट्रेसपॉइंट कधीच बदलणार नाही असं लेखी वचन कर्नलने दिलेलं नाही. पण 'यूझरस्पेस मोडायचं नाही', म्हणजे कर्नलबाहेरचे चालते प्रोग्रॅम बिघडवायचे नाहीत, हा लिनस टॉर्व्हाल्ड्स यांचा नियम इथेही आडून लागू होतो. २०११च्या सुमारास पॉवरटॉप हे विजेचा वापर बघणारं साधन ट्रेसपॉइंटच्या एका फील्डच्या जागेवर विसंबून होतं. ते फील्ड काढलं, पॉवरटॉप मोडलं, आणि कर्नलला माघार घ्यावी लागली. याचा उलटा परिणामही झाला: काही विभागांचे मेंटेनर ट्रेसपॉइंट घालूच देत नाहीत, कारण एकदा घातला की तो गळ्यात पडतो. व्हीएफएस, म्हणजे सगळ्या फाइल सिस्टीमच्या वरचा सामाईक थर, हा त्यातला ठळक विभाग. म्हणून फाइल सिस्टीमच्या वरच्या थरात काही बघायचं असेल तर तुम्हाला आवडो न आवडो, केप्रोब किंवा एफएन्ट्रीच घ्यावी लागते.

इनलाइनबद्दल आणखी एक. कंपायलर कधीकधी एखादं फंक्शन काही ठिकाणी इनलाइन करतो आणि बाकीच्यांसाठी त्याची वेगळी प्रतही ठेवतो. अशा वेळी प्रोब लागतो, आकडेही येतात, फक्त ते अर्धवट असतात. जीसीसी नावाला 'डॉट-आयस्रा' किंवा 'डॉट-कॉन्स्टप्रॉप' अशी शेपटीही लावतो, मग मूळ नावाने शोधलं तर काही सापडत नाही. हे दोष केप्रोब आणि एफएन्ट्री दोघांनाही सारखेच.

वेग, पण हिशेब करून

रॉ ट्रेसपॉइंट कर्नलमध्ये घालताना ईबीपीएफचे एक प्रमुख लेखक अलेक्सेई स्टारोव्हॉयटव्ह यांनी त्याच बदलाबरोबर मोजमापं दिली होती. 'टास्क-रिनेम' ही घटना प्रोग्रॅम न लावता सेकंदाला ११ लाख वेळा होत होती. केप्रोब लावल्यावर ७ लाख ६९ हजार, ट्रेसपॉइंट लावल्यावर ९ लाख ४७ हजार, रॉ ट्रेसपॉइंटवर सुमारे १० लाख. दर घटनेमागे काढलं तर ढोबळमानाने केप्रोबचा भार ४०० नॅनोसेकंद, ट्रेसपॉइंटचा १५०, रॉचा १००च्या आसपास. मशीन त्यांचं आणि काळ २०१८चा, तुमच्याकडे आकडे वेगळे येतील. क्रम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एफएन्ट्रीचा थेट कॉल असल्यामुळे ती केप्रोबपेक्षा हलकी पडते.

आता हिशेब. फाइल उघडण्याच्या घटना सेकंदाला दोन हजार होत असतील आणि प्रत्येकीमागे ४०० नॅनोसेकंद गेले, तर एका कोरच्या ०.१ टक्क्याहूनही कमी खर्च झाला. इथे केप्रोब की एफएन्ट्री यावर वेगाच्या नावाने वाद घालणं फुकट आहे. पण गजबजलेल्या मशीनवर स्केड-स्विच सेकंदाला एक लाख वेळा होत असेल, तर ४०० नॅनोसेकंदांनी एका कोरचे ४ टक्के जातात आणि १०० नॅनोसेकंदांनी १ टक्का. सेकंदाला दहा लाख पॅकेट पाहणाऱ्या प्रोग्रॅमला हाच फरक ४० विरुद्ध १० टक्के असा पडतो. म्हणून लावण्याआधी पर्फ-स्टॅट या मोजणीच्या साधनाने ती घटना किती वेळा होते ते मोजा. दहा सेकंदांचं काम आहे, आणि बहुतेक वेळा वेगाचा प्रश्न तिथेच निकाली निघतो.

खर्चाचा मोठा भाग बऱ्याचदा हुकचा नसतोच. प्रत्येक घटना बफरमधून यूझरस्पेसला पाठवायची, तिथे तिचं जेसॉन करायचं, पुढे नेटवर्कवर टाकायचं, पैसे तिथे जातात. कर्नलमध्येच मॅपवर हिस्टोग्राम करा आणि दर काही सेकंदांनी तो वाचा. घटना पाठवायच्याच असतील तर ५.८पासूनचा रिंग बफर घ्या.

न मोजलेल्या घटना

तुलनांमध्ये हा मुद्दा क्वचितच येतो. केप्रोब आणि साधे ट्रेसपॉइंट यांच्यावरचे प्रोग्रॅम दर सीपीयूमागे एक सामाईक पहारा पाळतात: या सीपीयूवर असा एखादा प्रोग्रॅम आधीच चालू असेल तर दुसरा चालवायचा नाही, मग तो तुमचाच असो की शेजाऱ्याचा. तुमचा प्रोग्रॅम चालू असताना मध्येच इंटरप्ट आला आणि त्याच्या मार्गातही प्रोब असेल, तर ती घटना मोजलीच जात नाही. एकाच मशीनवर दोन कंपन्यांचे एजंट ट्रेसिंग करत असतील तर एकामुळे दुसऱ्याचे आकडे कमी येऊ शकतात, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. एफएन्ट्रीत हा पहारा प्रत्येक प्रोग्रॅमपुरता असतो, शेजाऱ्याशी संबंध नाही. शिवाय प्रोग्रॅम आधीच चालू असल्यामुळे किती वेळा हुकलं तो आकडा ५.१२पासून बीपीएफटूल हे तपासणीचं साधन दाखवतं.

केरेटप्रोबची गळती निराळी. तो परतीचा पत्ता बदलून काम करतो आणि त्यासाठी आधीच राखलेल्या मर्यादित नोंदी वापरतो. झोपणाऱ्या फंक्शनात एकाच वेळी बरेच थ्रेड अडकले की नोंदी संपतात आणि पुढच्या परती हुकतात. हळू चाललेलं आयओ मोजायला केरेटप्रोब लावला तर आयओ सगळ्यात हळू असतानाच तो सगळ्यात जास्त हुकतो. अशा कामाला एफएक्झिट मिळत असेल तर दुसरा विचार करू नये.

यूझरस्पेसची बाजू, थोडक्यात

यूप्रोब हा केप्रोबचा यूझरस्पेसमधला भाऊ, पण प्रत्येक वेळी कर्नलमध्ये ट्रॅप होऊन जावं लागतं, त्यामुळे खर्च मायक्रोसेकंदाच्या घरात. मॅलॉकसारख्या सतत बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनला लावून प्रॉडक्शन मशीन रडकुंडीला आणणं अगदी सोपं आहे. पोस्टग्रेस किंवा पायथनच्या बिल्डमध्ये यूएसडीटीच्या (प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीच यूझरस्पेसच्या कोडमध्ये ठेवलेल्या) खुणा असतील तर त्या घ्या. ट्रेसपॉइंटसारखंच तिथेही कुणीतरी नाव सांभाळण्याची जबाबदारी घेतलेली असते. गो भाषेच्या प्रोग्रॅमला यूरेटप्रोब (केरेटप्रोबचा यूझरस्पेसमधला अवतार) लावू नका. गो आपला स्टॅक चालता-चालता हलवते, बदललेला परतीचा पत्ता तिला सापडतो आणि प्रोसेस कोसळते.

काय घ्यावं

त्या क्षणी चालू असलेला घोळ शोधायचा असेल तर बीपीएफट्रेस आणि जे हाताला लागेल ते. केप्रोब लावा, आर्ग्युमेंट छापा, काम झालं की बंद करा. फंक्शनच्या मधल्या एखाद्या सूचनेवर थांबायचं असेल तर केप्रोबशिवाय पर्यायच नाही, एफएन्ट्री फक्त तोंडाशी आणि शेवटाशी बसते. नुसतं मोजायचं किंवा हिस्टोग्राम हवा असेल तर कदाचित प्रोग्रॅमचीही गरज नाही; एफट्रेसचे हिस्ट ट्रिगर ४.७पासून आहेत आणि फाइलमध्ये एक ओळ लिहून काम होतं. शेकडो फंक्शनांवर एकदम जाळं टाकायचं असेल तर ५.१८पासूनचा केप्रोब-मल्टी बघा. एकेक करून लावत बसलात तर लावायलाच वेळ जातो.

टिकाऊ काम असेल तर आधी ट्रेसपॉइंट शोधा, आणि मिळाला तर तिथेच थांबा. रॉच्या मोहात पडण्याआधी घटनेची वारंवारता मोजा. ट्रेसपॉइंट नसेल तर एफएन्ट्री आणि एफएक्झिट, सोबत लिबबीपीएफ (ईबीपीएफ प्रोग्रॅम लोड करणारी लायब्ररी) आणि सीओ-आरई (एकदा कंपाइल करून वेगवेगळ्या कर्नलवर चालवण्याची पद्धत). बीसीसी शिकायला छान आहे, पण ते प्रत्येक मशीनवर चालताना क्लँग आणि कर्नल हेडर मागतं. पाचशे सर्व्हरवर कंपायलर घालायला तुमचा सुरक्षा विभाग हो म्हणेल असं मला वाटत नाही. सीओ-आरईमध्ये बायनरी एकदाच बनते आणि स्ट्रक्टमधली फील्ड सरकली तर लोड होताना जुळवून घेते. ५.१४मध्ये टास्कचं 'स्टेट' हे फील्ड दोन अंडरस्कोअर लागून नव्या नावाचं झालं, तेव्हा सीओ-आरईवाल्यांनी 'हे फील्ड आहे का' अशी विचारणा घालून दोन्ही नावं सांभाळली. आणि कंपनीच्या वकिलांना आधीच सांगून ठेवा: ट्रेसिंगचे बरेचसे हेल्पर जीपीएलशी सुसंगत परवाना जाहीर केल्याशिवाय मिळत नाहीत.

राहिला प्रश्न कर्नलच्या वयाचा. उबुंटू २०.०४चा मूळ कर्नल ५.४, म्हणजे एफएन्ट्री एका आवृत्तीने हुकते. डेबियन ११वर ५.१०, तिथे ती चालते. रेड हॅट ८वर आकडा ४.१८ दिसतो, पण नंतरच्या बऱ्याच ईबीपीएफ सोयी मागे आणून त्यात बसवलेल्या आहेत, त्यामुळे आकड्यावरून काही ठरवू नका. एआरएम सर्व्हर असतील तर आणखी सावध: तिथे एफएन्ट्री ६.x मालिकेत आली. बीपीएफटूलच्या फीचर-प्रोबने त्या मशीनलाच विचारा, आणि '/सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स' ही फाइल आहे का तेवढं बघा.

सगळ्या वयाचे कर्नल एकत्र नांदत असतील तर एकाच बायनरीत दोन्ही ठेवा: एफएन्ट्रीचा प्रोग्रॅम आणि त्याचाच केप्रोबचा अवतार. लोड करण्याआधी तपासायचं, एफएन्ट्री लागणार असेल तर केप्रोबचं ऑटोलोड बंद, नसेल तर उलट. लिबबीपीएफ-टूल्समधल्या बऱ्याच साधनांत हेच केलेलं आहे. तिथलं 'एफएन्ट्री-कॅन-अटॅच' हे छोटंसं फंक्शन उघडून वाचा. परवाना बघून तसंच्या तसं उचललं तरी चालेल.